अर्धपोटी मंडळाच्या वहिनी

केक भाऊजींनी आणला होता. चांगला दोन मजली, वर गुलाबी क्रीमची फुलं आणि फुलांच्या मधोमध चॉकलेटच्या अक्षरांत 'सुस्वागतम'. सोबत लाल सरबताचं एक पिंप. पहिल्याच मेळाव्याला रिकाम्या हातानं कसं जायचं, इतका साधा सरळ विचार त्यांनी केला होता. भाऊजी साधा सरळ विचार करायला लागले की घरातली माणसं सावध होतात. पण त्या दिवशी वहिनी खुर्च्या लावण्यात गुंतल्या होत्या आणि तेवढ्यात भाऊजींनी सुरी चालवली.

मेळावा होता वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेल्या माणसांचा. या माणसांच्या पोटाची पिशवी डॉक्टरांनी कापून, शिवून, चहाच्या कपाएवढी करून ठेवलेली असते. तिच्यात गोड गेलं की ती ऐकून घेत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्यानंतरचं काय ते भाऊजींना थोड्याच वेळात प्रत्यक्ष बघायला मिळालं.

"घ्या हो, एवढ्याशानं काय होतंय!" करत त्यांनी सगळ्या हॉलभर बशा फिरवल्या होत्या. त्या बिचाऱ्यांना ऑपरेशनपासून कुणी आग्रह केला नव्हता. आग्रहालाच ते भुकेलेले होते. नाही नाही म्हणत सगळ्यांनी घेतलं.

पहिला बसला गवंडी. "जरा गरम होतंय," म्हणाला आणि भिंतीला टेकून सावकाश खाली सरकला. मग टायपिस्ट बाई रुमालानं कपाळ पुसत उठल्या आणि दारापर्यंत पोचल्या नाहीत. त्यानंतर कोण आधी आणि कोण मागून हे सांगता येणार नाही. क्रीमची फुलं परत आली. रंग जसाच्या तसा, नुसता आकार गेलेला. गुलाबी फेस, लाल सरबत, चॉकलेटच्या अक्षरांचा चिकट गाळ, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा तो आंबट, गोडूस, गरम वास. भाऊजींनी नाक दाबलं तर तो वास तोंडातून आत शिरला. खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून आत उरलेल्या दोघातिघांनाही उमासा आला.

वहिनी बादली घेऊन आल्या. हॉलवर एक नजर फिरवली. ओरडल्या नाहीत, कपाळावर हात मारला नाही. बादली भाऊजींच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "आणलंत तुम्ही, आता नेणार पण तुम्हीच."

तेव्हापासून मंडळाची बादली भाऊजींकडं आली.

आता ज्या माणसाकडं ही बादली आली, तो माणूस कसा, हे सांगितल्याशिवाय या शिक्षेची खोली कळायची नाही. भाऊजींनी सगळा जन्म एका चष्म्याच्या दुकानात काढला. काउंटरच्या मागं उभं राहायचं, गिऱ्हाइकाच्या काचेवरचे बोटांचे डाग पिवळ्या मऊ कापडानं पुसायचे, फुंकर मारायची, पुन्हा पुसायचे. परक्यांच्या नाकाचं तेल आणि पापण्यांचा कोंडा आयुष्यभर पुसून पुसून हा माणूस असा झाला होता की डाग दिसला की हात आपोआप कापडाकडं जायचा. हॉटेलात बसले तर टेबल पुसायचे. दुसऱ्याच्या घरी गेले तर दाराची कडी पुसायचे. एकदा लग्नाच्या बोलणीला आलेल्या व्याह्यांच्या मिशीवरचं दही त्यांनी स्वतःच्या रुमालानं टिपलं होतं. ती सोयरीक मोडली ती मोडलीच. साबणाला चिकटलेला केस पाहिला की त्या दिवशी त्यांचं जेवण गेलं म्हणून समजा. आणि हा माणूस इथं बादली धरून उभा!

आणि वहिनी? त्या भाऊजींच्या थोरल्या भावाच्या बायको. थोरले जाऊन बरीच वर्षं झाली, पण दीर-भावजयीचं एकाच इमारतीत वर-खाली राहणं, भांडणं आणि एकमेकांच्या किल्ल्या सांभाळणं तसंच चालू राहिलं. वहिनी दिव्यांच्या कारखान्यातलं कॅन्टीन चालवायच्या. तिन्ही पाळ्यांना जेवण, मधल्या सुट्टीला चहा. तरुणपणापासून तव्यासमोर उभं राहिलेली बाई. दिवसभर चव बघायची, उरलेलं टाकवत नाही म्हणून खायचं, आणि दमून घरी आलं की दमले म्हणून खायचं. शेवटी शेवटी कॅन्टीनच्या काउंटरला जो फळीचा दरवाजा होता, त्यातून त्या आडव्या होऊन जायच्या. कामगार चेष्टा करायचे. "वहिनी, आज पोट ड्युटीवर आलं, तुम्ही कधी येणार?" वहिनी डावानं धमकावायच्या, हसायच्या, आणि आत जाऊन तेलाच्या डब्यावर बसायच्या. गुडघे बोलायला लागले होते. आडवं झोपलं की श्वास कोंडायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायच्या.

नातेवाइकांनी मात्र फार मदत केली. प्रत्येकानं एकेक उपाय सांगितला, आणि तो सांगताना समोरच्या ताटाकडं बघितलं. चुलत जावेनं तर भर पंगतीत विचारलं, "वहिनी, तुम्हाला स्वतःचा कंटाळा नाही येत का हो?" त्या जावेच्या ओठाला त्या वेळी तुपाचा ओघळ होता. भाऊजींनी तो पुसला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डाग पाहून हात आवरला, आणि तिकडं पाहून त्यांना जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

ऑपरेशन झालं. वहिनी उतरत गेल्या. आणि एक विचित्र गोष्ट झाली: त्यांचं नाक जागं झालं. गरम तेलाचा वास आला की पोटात ढवळायचं. ज्या कॅन्टीनमध्ये जन्म गेला तिथं त्या नाकाला रुमाल बांधून उभ्या राहायला लागल्या. चव बघायचं काम आचाऱ्यावर सोपवलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळा हॉल जेवत असताना त्या भाऊजींना म्हणाल्या, "बघा तरी. किती तोंडं एकदम हलतायत. जबडेच जबडे. ओठांतून बाहेर येतंय, आत जातंय, पुन्हा बाहेर येतंय. आणि या सगळ्यांना मी इतकी वर्षं 'अजून घ्या' म्हणत होते. शी!"

भाऊजींनी पाहिलं आणि हातातला वडा ठेवून दिला. पुढचे दोन आठवडे त्यांना कुणाचंही चावणं बघवलं नाही. स्वतःचं तर नाहीच. ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

मग मंडळ का काढलं? तर कंडक्टरमुळं. बसवरचा कंडक्टर, मोठा धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. वहिनींचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी त्याचंही झालं. दुसऱ्या दिवशी नर्सनं वहिनींना उठवून चालायला लावलं तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. ओठ कोरडे, पोटात टाके, आणि पाणी फक्त चमच्याचमच्यानं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून हा आपली सलाइनची काठी ढकलत आला आणि ओरडला, "पुढं चला, पुढं चला! मागं जागा आहे, दारात उभ्या राहू नका!" वहिनी टाके धरून हसल्या. दुखलं म्हणून रडल्या, आणि चालल्या. रोज तो त्यांना त्या कॉरिडॉरमध्ये असा पुढं काढत राहिला. वहिनी म्हणायच्या, "मी बरी झाले ती डॉक्टरांच्या सुरीनं निम्मी आणि कंडक्टरच्या तोंडानं निम्मी."

घरी आल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याला आता कुणी बोलवत नाही. माणसं भेटतात ती खायला भेटतात. खाणं काढून घेतलं की भेटणं उरत नाही. बोलावलंच तर समोर ताट ठेवून चमच्याचमच्यावर डोळा ठेवतात, आणि उठताना म्हणतात, "काहीच खाल्लं नाहीत!" आधी म्हणायचे, फार खाता. तेव्हा दोघांनी ठरवलं, आपण आपले महिन्यातून एकदा जमू. नाव कंडक्टरनंच ठेवलं: अर्धपोटी मंडळ. हॉस्पिटलनं तळमजल्यावरचा हॉल दिला. कंडक्टर तिकिटं टोचायचा जुना पंच घेऊन दारात उभा राहायचा, आलेल्या प्रत्येकाला कागदाचं तिकीट द्यायचा, 'खटक्' करून भोक पाडायचा. "एक अर्धं! एक अर्धं! अहो बाई, तुमचं पण अर्धंच!"

वहिनींचे मेळावे म्हणजे बिनहाताच्या खुर्च्या. हॉस्पिटलच्या खुर्च्यांना हात होते. नवीन येणारा त्यात अडकायचा आणि उठताना खुर्ची घेऊन उठायचा, म्हणून त्या कॅन्टीनच्या बाकड्यांची जुळवाजुळव करायच्या. ज्याला सारखं उठावं लागतं त्याची जागा दाराशी. खायला फक्त सूप, तेही लहान वाटीत. आणि एक सक्त नियम: आग्रह करायचा नाही. "घ्या ना" असा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांच्या वाट्या धुवायच्या. केकच्या दिवसानंतर बरेच महिने सगळ्या वाट्या भाऊजींनीच धुतल्या. तोंडातला आग्रह काही जात नव्हता.

बाकी करमणूक म्हणजे कॅरम, गाणी, आणि गप्पा. या गप्पा भाऊजींच्या जिवावर यायच्या.

"काल काय परत आलं?" गवंडी विचारायचा.

"अंडं," टायपिस्ट बाई सांगायच्या, सोंगटीवर नेम धरत.

"अख्खं?"

"नाही हो, अर्धं. अर्धं राहिलं."

"वा! प्रगती आहे. माझी तर भाकरी अशी दोरीसारखी वर आली ना…"

"आणि त्या बुळबुळीत थुंकीचं काय करता? मला तर उशी बदलावी लागते."

भाऊजी सूपाची वाटी हळूच खाली ठेवायचे. पोटाचे वारे, शौचाचे रंग, मांडीवर लोंबणारी रिकामी कातडी आणि तिच्या घडीत धरणारा घाम, सगळं हवापाण्याइतक्या सहज बोललं जायचं. एकदा गवंड्यानं सदरा वर करून पोटाची सैल झोळी दोन्ही हातांनी उचलून दाखवली, "बघा, यात आता भाजी आणायला जाता येईल." मंडळ खो खो हसलं. भाऊजी कॉरिडॉरमध्ये जाऊन नळाखाली तोंड धरून उभे राहिले. पण पुढच्या महिन्याला आलेच. वहिनींनी बोलावलं होतं म्हणून म्हणा, किंवा या माणसांत कुणी कुणाकडं तसं बघत नव्हतं म्हणून म्हणा.

तसं बघायला हॉस्पिटलनं एक बाई नेमल्या होत्या. समन्वयक बाई. गळ्यात ओळखपत्र, ओठांवर कायमचं हसू, हातात माइक. त्यांनी मेळाव्यात वजनकाटा आणला. दारातच उभं करायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि मग "जोरदार टाळ्या!" उतरलेल्या प्रत्येक किलोला टाळ्या. कंडक्टर सगळ्यांत जास्त उतरला होता, त्यामुळं तो त्यांचा लाडका. त्याची जुनी पँट मागून घेतली. तिच्या एका पायात कंडक्टरला उभं केलं, दुसरा पाय रिकामा फडकतोय, असा फोटो काढला, आणि तो माणसाएवढा मोठा करून हॉलच्या भिंतीवर काचेत लावला. पँट कपाटात ठेवली, प्रदर्शनाला. सुरुवातीला कंडक्टर खूष होता. येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवायचा.

भाऊजींना त्या टाळ्या ऐकून पहिल्यांदा कळलं की वास नसलेल्या गोष्टीचीही मळमळ होते. चरबीच्या किलोला माणसं टाळ्या वाजवतात, माल उतरल्यासारख्या.

मग कंडक्टर यायचा बंद झाला. आधी म्हणाला, ड्युटी आहे. मग फोन उचलेना. पंच त्यानं शेजाऱ्याकरवी वहिनींकडं पाठवून दिला. वहिनींनी तो कॅरमच्या शेजारी टेबलावर ठेवला. दुसऱ्या कुणी तिकिटं फाडलेली त्यांना नको होती.

एका रविवारी त्या भाऊजींना घेऊन त्याच्या घरी गेल्या. दार उघडेना. आतून आवाज आला, "कंडक्टर ड्युटीवर आहेत!"

"मग दार कोण उघडणार, ड्रायव्हर?" वहिनी म्हणाल्या. "उघडा. दारात उभं राहायचं नाही, तुम्हीच शिकवलंय."

दार उघडलं. वजन बरंचसं परत आलं होतं. सदऱ्याची बटणं ताणलेली, गळ्याखाली पुन्हा वळी. पण भाऊजींना दिसली ती खोली. खाटेखाली आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची चळत, तळाला आटलेला पिवळट थर, त्यात बुडून मेलेल्या मुंग्या. वेफर्सची पाकिटं चुरगळून उशीच्या खोळीत कोंबलेली. बेसिनला चिकटलेलं वाळकं काहीतरी. पडदे बंद, आणि आत नासलेल्या दुधाचा वास असा दाट की भाऊजींना तो चष्म्याच्या काचेवर बसलाय असं वाटलं. ते आपोआप काच पुसायला लागले. मग टेबल पुसायला लागले. मग खिडकीचा गज.

"राहू द्या हो," कंडक्टर म्हणाला. "घाण आहे, मला माहीत आहे. घट्ट काही जात नाही ना वहिनी, अडकतं. पण आइस्क्रीम वितळलं की सरसर खाली जातं. पोटाला कळतच नाही. रात्री पितो. पिऊन झालं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं."

वहिनी खाटेच्या कडेवर बसल्या. डब्यांकडं बघून त्यांच्या घशाशी काहीतरी आलं, वहिनींनी ते गिळलं, हे भाऊजींनी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. मेळाव्याला कधी येताय?"

"त्या फोटोखाली? असा?" त्यानं स्वतःच्या पोटाकडं बोट केलं. "वहिनी, त्या भिंतीखाली मी बसणार नाही. आणि दुसरीकडं कुठं बोलावलंत तर एकदा येऊन बघीन. पण कुणी एक टाळी वाजवली ना, मी उठून जाईन, आणि मग कायमचा गेलो समजा."

वहिनींनी समन्वयक बाईंना तो फोटो भिंतीवरून उतरवायला सांगून पाहिलं. बाई गोड हसल्या. "अहो, तो आमचा अभिमान आहे! आणि वार्षिक मेळाव्याला मोठे डॉक्टर येणारेत, फोटोग्राफर येणारे. कंडक्टरसाहेबांना आणा ना, पँट घालून बघू पुन्हा, मज्जा!"

वहिनी "बरं" म्हणाल्या. त्यांचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. कॅन्टीनमध्ये त्या असं 'बरं' म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी भाजीवाला बदललेला असायचा. त्यांनी हॉल सोडला. मेळावा रविवारी दुपारी, कारखाना बंद असताना, कॅन्टीनमध्ये. सगळ्यांना तोंडी सांगितलं, आणि हॉलची किल्ली परत द्यायला भाऊजींना पाठवलं. "किल्ली द्यायची आणि यायचं. बोलायचं नाही."

भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. मंडळातले लोक म्हणायचे, यांचंही ऑपरेशन झालंय, पोटात काही राहतच नाही. त्यांनी किल्ली दिली. बाईंनी विचारलं, "म्हणजे मंडळ बंद?" चेहरा इतका पडलेला होता की भाऊजींना राहवलं नाही. शिवाय बाईंच्या चष्म्यावर अंगठ्याचा ठसा होता. तो पुसून देता देता त्यांनी सांगून टाकलं. बंद नाही हो, रविवारी चार वाजता, दिव्यांच्या कारखान्यात, मागच्या फाटकानं. पण कुणाला बोलू नका. बाई म्हणाल्या, छे छे. घरी येऊन भाऊजींनी वहिनींना सांगितलं, किल्ली दिली. तेवढं खरंच होतं.

रविवारी कंडक्टर आला. फाटकापाशी बराच वेळ घुटमळला, मग आत आला. वहिनींनी त्याला दाराशी जागा ठेवली होती. सगळे कॅरममध्ये डोकं घालून बसले होते. कुणी त्याच्या पोटाकडं बघायचं नाही हे वहिनींनी बजावलं होतं, त्यामुळं गवंडी नुसता छताकडं बघून त्याच्याशी बोलत होता. टायपिस्ट बाईंनी पंच उचलून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो हातात घेतला, वाजवला नाही. वहिनींनी सूप दिलं. कॅन्टीनच्या वासानं त्यांच्या नाकाला रुमाल होताच. कंडक्टरनं वाटी उचलली आणि घोटभर घेत बसण्याऐवजी एका दमात रिकामी केली. माणूस घाबरला की असं करतो.

"हळू," वहिनी म्हणाल्या. उशीर झाला होता.

आणि त्याच वेळी मागचं दार उघडून समन्वयक बाई आल्या. मागं फोटोग्राफर. "सरप्राइज! मंडळानं आम्हाला टाकलं तरी आम्ही मंडळाला टाकत नाही!" भाऊजी कॅरमवर आणखी वाकले. बाईंनी पिशवीतून ती पँट काढली, दोन्ही हातांनी कंबर ताणून वाळत घातल्यासारखी सगळ्यांसमोर धरली. "ओळखा पाहू कुणाची!" आणि कुणी काही बोलायच्या आत, पँट काखेत मारून, स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या. फोटोग्राफरनंही वाजवल्या. त्या रिकाम्या, मोठ्या खोलीत चार हातांच्या टाळ्या अशा वाजल्या की कुणाच्या तरी थोबाडीत बसतायत असं वाटावं.

कंडक्टर उठला. तो जायलाच उठला होता. डोळे दाराकडं होते. वहिनी त्याच्याकडं निघाल्या, पण मध्ये बाकडी होती. तो दाराकडं दोन पावलं चालला, बाई त्याच्या समोर आल्या, "अय्या, साहेब!" म्हणाल्या, आणि मग त्याला ओळखून त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून पोटावर घसरली आणि तिथंच चिकटली. ओठांवरचं हसू राहिलं, पण नाक वर गेलं. जेवणात काहीतरी निघाल्यासारखं.

सूप परत आलं. सगळं, एकदम. फरशीवर, बाकड्याच्या पायावर, बाईंच्या उंच टाचेच्या सँडलवर. हिरवट, गरम, तंतू असलेलं. सँडलच्या पट्ट्यांमधून बोटांत शिरलेलं. बाई किंचाळल्या.

भाऊजींना दुसरं काही दिसलं नाही. सगळ्या जन्माचा हात होता तो. डाग दिसला आणि हात कापड शोधू लागला. खिशातलं पिवळं कापड एवढ्याला पुरणार नव्हतं. बादली लांब होती. समोर काखेतून लोंबत होतं भरपूर, चांगलं, सुती कापड. भाऊजींनी ते ओढलं, गुडघ्यावर बसले आणि पुसायला लागले. एका पायानं फरशी, दुसऱ्या पायानं सँडल. मधल्या शिवणीनं बोटांच्या बेचक्या. कंबर दुमडून पुन्हा फरशी. स्वतः ओकारीचे आवाज काढत, डोळ्यांतून पाणी काढत, पण अगदी काचेसारखं.

"अहो काय करताय!" बाई ओरडल्या. "ती हॉस्पिटलची आहे! प्रदर्शनाची आहे!"

तेव्हा वरून आवाज आला. कंडक्टर बाकड्याला धरून वाकला होता, हनुवटी ओली होती. "हॉस्पिटलची कशी? माझ्या कमरेची आहे ती."

मग गवंडी हसला. त्याची ती झोळी सदऱ्याखाली हलायला लागली. टायपिस्ट बाई हसल्या. कंडक्टर आधी हसला नाही. खाली भाऊजींकडं बघत राहिला, जे पँटचा खिसा उलटा करून शेवटचा तंतू टिपत होते. मग त्याच्या पोटातून ते वर आलं, सूपासारखंच, एकदम. पोटाला दोन्ही हातांनी धरून तो खाली बसला. दाराकडं पाठ करून.

वहिनींनी नाकावरचा रुमाल काढला. "बसा, बाई," त्या म्हणाल्या. "सूप आहे. आणि नसेल बसायचं तर दार तिकडं. फोटो मात्र काढायचा नाही." बाई एक सँडल हातात घेऊन गेल्या. फोटोग्राफर मागोमाग गेला. जाताना त्यानं वाटीभर सूप मागून घेतलं, हे सांगायला हवं.

नंतर कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कुणी भाषण केलं नाही. वहिनींनी कंडक्टरला अर्धी वाटी दिली आणि त्याच्या समोर बसून राहिल्या, घोट-घोट संपेपर्यंत. गवंड्यानं आपणहून सांगितलं की त्याचाही पट्टा दोन भोकं मागं गेलाय. टायपिस्ट बाई म्हणाल्या, माझे जुने ढगळ कपडे वहिनी तुमच्याकडं दिलेत ना, त्यातला एखादा जरा द्या, हे आवळायला लागलेत. निघताना कंडक्टरनं ती ओली पँट पिशवीत भरून घेतली. "धुतली की होईल मला," म्हणाला. दारात थांबला, पंच खिशातून काढला, आणि भाऊजींच्या हातातल्या मळक्या रुमालालाच 'खटक्' करून भोक पाडलं. "एक पूर्ण. पुढच्या महिन्याला वेळेवर या."

सगळे गेल्यावर कॅन्टीनच्या मागच्या मोरीत दोघं बादल्या धूत होते. भाऊजींनी हात साबणानं धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. वास जात नव्हता. नखांत, मनगटावर, बाहीच्या टोकाला. अंगभर किळस दाटली होती, आणि त्या किळसेच्या वर, सायीसारखा, एक छोटासा अभिमान. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातून काही सुधारलं होतं. वहिनी पोचारा पिळत होत्या. भाऊजींनी थोडी वाट बघितली. मग न राहवून खाकरले.

"तसं बघितलं तर, वहिनी, आज माझ्यामुळंच वाचलं म्हणायचं सगळं, नाही का?"

वहिनींनी पोचारा झटकला, दोरीवर टाकला, आणि त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या,

"त्या बाईंना पत्ता तुम्हीच दिलात."